पहिला होम स्टिरिओ घेताय? दुकानात जाण्याआधी खोली मोजा

दोन स्पीकर, एक अँप्लिफायर आणि गाणं पुरवणारं एखादं साधन. या लेखात एवढंच आहे. पाच-सात स्पीकर लावून सिनेमा बघायचा असेल तर त्याचं गणित वेगळं, खर्चही वेगळा. त्याला हा लेख फारसा उपयोगी पडणार नाही. पण संध्याकाळी तासभर नीट बसून गाणं ऐकायचं असेल, टीव्हीखालच्या साउंडबारचा कंटाळा आला असेल आणि इंटरनेटवर वाचून वाचून डोकं आणखीच गरगरत असेल, तर पुढे वाचा.

बहुतेकांचा घोळ होतो तो क्रम चुकल्यामुळे. दुकानात शिरलं की पहिला प्रश्न येतो, "किती वॉटचा दाखवू?" मग अँप्लिफायर ठरतो, त्याच्यासोबत 'ऑफरमध्ये' स्पीकर येतात, घरी आल्यावर ते शोकेसमध्ये सापडेल त्या फटीत बसतात, आणि महिन्याभरात वाटायला लागतं की एवढे पैसे घालून फरक काय पडला? आधी खोली, मग स्पीकर, मग त्यांना पेलेल असा अँप्लिफायर, आणि बाकी सगळं त्यानंतर. पायऱ्या त्याच क्रमाने देतो.

१. बसायची जागा ठरवा

मेजरिंग टेप घ्या आणि कागदावर हॉलचा आराखडा काढा. लांबी-रुंदी, दारं, खिडक्या, सोफा, प्लगचे पॉइंट, सगळं. त्यावर तीन खुणा करा: दोन स्पीकर आणि तुमची खुर्ची. या तिघांचा समभुज त्रिकोण व्हायला हवा. आपल्याकडच्या नेहमीच्या हॉलमध्ये त्याची बाजू सहा ते आठ फूट येते. स्पीकर मागच्या भिंतीपासून निदान फूटभर पुढे, बाजूच्या भिंतीपासून शक्यतो दोन फूट आत. "एवढी जागा निघतच नाही," असं पहिल्यांदा सगळेच म्हणतात. टीव्ही युनिट थोडं सरकवलं, एक कोपऱ्यातलं टेबल हलवलं, की निघते. घरातल्यांशी ही बोलणी पैसे भरण्याआधी उरकून घ्या, नंतर फार जड जातं.

आता खोलीच्या मधोमध उभं राहून एक जोरदार टाळी वाजवा. टाळीमागे 'ट्रींऽऽ' अशी शेपटी ऐकू आली, तर तुमच्या घरात आवाज भिंतींवर आपटत फिरतोय. आपल्याकडे हे जवळपास ठरलेलंच असतं: विटा-काँक्रीटच्या भिंती, खाली गुळगुळीत टाइल्स, समोर सरकती काचेची खिडकी. परदेशी समीक्षणं ज्या घरांत बसून लिहिली जातात तिथे बऱ्याचदा लाकडी सांगाड्याच्या भिंती आणि खाली गालिचा असतो. म्हणून तिथे 'मोकळा, चमकदार' म्हणून वाखाणलेला स्पीकर आपल्याकडे येऊन कानाला बोचू शकतो.

उपाय महाग नाहीत. स्पीकर आणि खुर्ची यांच्यामध्ये जाड गालिचा, खिडकीला दोन पदरी जाड पडदा, आणि एखादी भिंत पुस्तकांनी भरलेली असेल तर उत्तमच. सोलापुरी चादर भिंतीवर टांगून फारसं काही साधत नाही. ती पातळ असते. चांगली जाड गोधडी मात्र खरंच काम करते.

दुसरा त्रास बेसचा. आपल्याकडे सोफा भिंतीला टेकलेलाच असतो, आणि भिंतीलगत खालचे सूर नको इतके फुगतात. दोन भिंतींमध्ये दहा फूट अंतर असेल तर साधारण ५६ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ५६ कंपनांच्या खालच्या सुराला, खोली स्वतःच घुमायला लागते. बारा फुटांना ४७ हर्ट्झच्या आसपास. अशा खोलीत डग्गा एका ठरावीक जागी 'बुंऽ' करतो आणि पुढे-मागे कुठेतरी गायबच होतो. ऐकताना खुर्ची भिंतीपासून दोन फूट पुढे ओढली तरी मोठा फरक पडतो. खोली अगदी चौरस असेल तर जास्त जपा: लांबी आणि रुंदी दोन्हींकडून एकच सूर घुमतो.

२. पैशाची वाटणी

निम्मे पैसे स्पीकरवर. उरलेल्यातला मोठा वाटा अँप्लिफायरवर, आणि शेवटचा हिस्सा गाण्याच्या साधनावर, स्टँडवर, वायरवर. साठ हजार काढून ठेवले असतील, तर तीस स्पीकरला, अठराच्या आसपास अँप्लिफायरला आणि बारात बाकीचं. गालिचा आणि पडदे या हिशेबात धरलेले नाहीत, ते घरखर्चात दाखवा.

वायरवर हजारो रुपये घालू नका. या विषयावर मी वाद घालत नाही.

३. स्पीकर ऐकून घ्या, वाचून नाही

दहा बाय बारा किंवा बारा बाय पंधराच्या हॉलला पाच ते साडेसहा इंची वूफरचे (खालचे सूर वाजवणारा मोठा कोन) बुकशेल्फ, म्हणजे छोट्या खोक्याचे, स्पीकर पुरतात. उंच टॉवर दिसायला भारदस्त, पण छोट्या खोलीत त्यांचा बेस आवरत नाही. व्हार्फडेल, क्यू अकूस्टिक्स, केईएफ, एलॅक ही नावं या वर्गात नेहमी समोर येतील. आपल्याकडची, कोलकात्याची सोनोडाइनही ऐकून बघा. अँप्लिफायर आतच बसवलेले 'अ‍ॅक्टिव्ह' स्पीकरही मिळतात. ज्यांना डबे आणि वायरी नकोत त्यांनी ते घेतले तर पुढची अर्धी डोकेदुखी संपते.

हे स्पीकर स्टँडवर हवेत. बसल्यावर तुमचे कान ज्या उंचीवर येतात त्या उंचीवर ट्विटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा भाग, यायला पाहिजे. बहुतेकांना चोवीस इंची स्टँड चालतो. ब्रँडेड स्टँडची किंमत ऐकून दचकायला होतं. गल्लीतल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून लोखंडी बनवून घ्या, चौकोनी पाइपात वाळू भरून घ्या, खाली रबर लावा.

दुकानात जाताना स्वतःची गाणी घेऊन जा, तीही वर्षानुवर्षं ऐकलेली. दुकानदाराचं डेमोचं गाणं हे त्या स्पीकरचा फक्त चांगला चेहरा दाखवतं. कान कुठे लावायचा ते सांगतो.

तानपुरा: ख्यालाच्या सुरुवातीला तो मागे सलग वाहत राहतो का, की गाणं सुरू होताच नाहीसा होतो? चांगल्या स्पीकरवर तारांचा झंकार गायकाच्या मागे, थोडा पसरलेला ऐकू येतो.

तबला: किनारीवरचा 'ना' टणक आणि नेमका हवा. डग्ग्यावर तळवा सरकवून काढलेली घिस्सामींड हळूहळू चढताना कळली पाहिजे. नुसतं 'धप्प' ऐकू आलं तर पुढचा स्पीकर लावायला सांगा.

तार सप्तकातला बाईचा आवाज: इथे स्वस्त ट्विटर उघडे पडतात. आवाज चिरत असेल, 'स' आणि 'श' सुईसारखे टोचत असतील, तर घरच्या टाइल्सवर ते दुप्पट टोचतील.

पेटी आणि गळा: दोघं एकाच पट्टीत, एकाच वेळी चाललेले असतात. ते वेगवेगळे ऐकू येतात का? नाट्यसंगीताची जुनी ध्वनिमुद्रणं यासाठी फार उपयोगी पडतात.

आणि एक जुनं मोनो गाणं, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून अगदी एकच आवाज येणारं, जरूर लावा. १९५० आणि ६० च्या दशकांतली बहुतेक हिंदी-मराठी चित्रपटगीतं मोनोच आहेत. अशा गाण्यात गायक दोन स्पीकरच्या बरोबर मधोमध, हवेत उभा राहिल्यासारखा ऐकू यायला हवा. तो डावी-उजवीकडे पसरला तर जोडणी तरी चुकली आहे किंवा मांडणी तरी.

सापळा: दोन स्पीकर ताडून बघताना जो किंचित मोठ्याने वाजतो तोच कानाला बरा वाटतो, आणि विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. आवाज सारखा करून घ्या. बेस, ट्रेबल सरळ आणि लाउडनेसचं (हळू आवाजात बेस फुगवणारं) बटण बंद असल्याची खात्री करा. घरी आणून ऐकायची सोय असेल तर अनामत भरूनही ती घ्या, कारण दुकानाची खोली तुमच्यासोबत घरी येत नाही.

४. अँप्लिफायर आणि वॉटचा घोळ

नव्वदच्या दशकात टू-इन-वनच्या खोक्यांवर 'पीएमपीओ' असं लिहून हजार-हजार वॉट छापलेले असायचे. त्या आकड्याला काही अर्थ नव्हता. आजही स्वस्त मालावर तो दिसतो. बघायचा तो आरएमएस आकडा, म्हणजे सलग देता येणारी ताकद, तोही 'आठ ओहमला, प्रत्येक चॅनेल' असा लिहिलेला (ओहम हे स्पीकरमध्ये विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप, चॅनेल म्हणजे डावी किंवा उजवी बाजू), आणि दोन्ही चॅनेल एकदम चालवून मोजलेला.

किती लागतात? स्पीकरच्या कागदावर 'सेन्सिटिव्हिटी' नावाचा आकडा असतो, समजा ८६ डेसिबल. म्हणजे एक वॉट दिला की एक मीटरवर एवढा आवाज. तुमच्या खुर्चीपर्यंत तो थोडा उतरतो, दुसरा स्पीकर थोडा भर घालतो. हिशेब ८० च्या घरात येतो. निवांत ऐकण्याची पातळी याच्याही खाली असते. म्हणजे बहुतेक वेळ तुम्ही एक वॉटसुद्धा वापरत नाही! बाकीची ताकद लागते ती तबल्याच्या थापेसाठी, ढोलकीच्या कडकडाटासाठी, अशा क्षणिक उसळीला. आवाज ३ डेसिबल वाढवायला ताकद दुप्पट लागते. त्यामुळे पन्नासचे साठ वॉट केले तर कानाला काही कळणार नाही. हॉलला ४० ते ६० खरे वॉट भरपूर झाले.

स्पीकर ४ ओहमचे असतील तर अँप्लिफायर ४ ओहम चालवतो असं त्याच्या कागदावर लिहिलेलं हवं. आणि फार दुबळा अँप्लिफायर शेवटपर्यंत पिळून वाजवला तर लहरींची टोकं कापली जातात आणि त्यात आधी जातो तो ट्विटर. पार्टीत उडालेले बरेच स्पीकर असेच उडालेले असतात.

मग बघा मागच्या बाजूची भोकं. रेकॉर्ड वाजवायच्या असतील तर 'फोनो', टीव्ही जोडायचा तर एचडीएमआय एआरसी किंवा ऑप्टिकल, पुढेमागे सबवूफर (फक्त खालच्या सुरांचा वेगळा स्पीकर) घ्यायचा तर 'सब आउट'. यामाहा, डेनॉन, मरांट्झ, एनएडी या कंपन्यांच्या साध्या इंटिग्रेटेड (सगळं एकाच डब्यात असलेल्या) मॉडेलमध्ये यातलं बरंचसं मिळतं. ट्यूब की ट्रान्झिस्टर, क्लास एबी की डी, हे वाद पहिल्या स्टिरिओला गैरलागू आहेत.

५. गाणं येणार कुठून?

ब्लूटूथ सोयीचं, पण त्यातून जाताना गाणं दाबून पाठवलं जातं आणि मधेच फोन वाजला की रागाचा विचका. वायफायवर चालणारा छोटा स्ट्रीमर घेतलात तर गाणं थेट इंटरनेटवरून येतं, फोन फक्त रिमोट म्हणून उरतो. जुना लॅपटॉप पडून असेल तर त्याला यूएसबी डॅक (डिजिटल गाणं अँप्लिफायरला समजेल अशा लहरींत बदलणारी डबी) लावूनही तेच काम होतं.

अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन दर्जा 'लॉसलेस' (गाण्यातलं काहीही न गाळता) किंवा सर्वांत वरचा करा. डेटा वाचवायला तो अनेकदा खालीच ठेवलेला असतो. सीडीचा दर्जा, म्हणजे १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ, घरच्या ऐकण्याला पुरून उरतो. त्यापुढच्या आकड्यांसाठी जास्त पैसे मोजायची घाई नको. जुन्या गाण्यांच्या बाबतीत मूळ टेपवरून उतरवलं कसं, यावर सगळं अवलंबून असतं. एकाच गाण्याच्या चार प्रती अ‍ॅपवर सापडतात. एकीत खरखर पुसण्याच्या नादात गळ्यातली हवासुद्धा पुसलेली असते. चारही ऐकून बरी ती जपून ठेवा. सीडी माळ्यावर असतील तर टाकू नका, जुना डीव्हीडी प्लेयरही त्या वाजवतो.

६. माळ्यावरच्या रेकॉर्ड

आजोबांच्या रेकॉर्ड निघाल्या म्हणून बरेच जण या वाटेला लागतात. आधी त्या कुठल्या आहेत ते बघा. जड, ठिसूळ, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं: त्या ७८ च्या, लाखेच्या. मोठ्या, लवचिक: त्या लाँग प्ले, मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या, १९४८ साली अमेरिकेत आलेल्या. छोट्या ४५ च्या त्यानंतर वर्षभराने आल्या. फरक नुसता वेगाचा नाही. ७८ ची खाच रुंद असते, तिला इंचाच्या सुमारे तीन हजारांश भागाची सुई लागते. एलपीची सुई पाऊण हजारांशाच्याही आतली. एलपीच्या सुईने ७८ वाजवली तर ती खाचेच्या तळाशी गाळात घासत जाते. ज्या प्लेयरवर ७८ चा वेग नाही त्यावर तर प्रश्नच मिटला.

सुटकेसमध्ये येणारे गोंडस प्लेयर टाळा. सुईचा भार त्यांत सहसा जास्त असतो आणि कमी-जास्त करता येत नाही. ज्याच्या दांड्याला मागे फिरवता येणारं वजन आहे, कार्ट्रिज (दांड्याच्या टोकाचा, सुई बसवलेला भाग) 'मूव्हिंग मॅग्नेट' जातीची आणि बदलता येणारी आहे, असा घ्या. भार बहुतेक कार्ट्रिजना दोन ग्रॅमच्या आसपास लागतो, नेमका आकडा कार्ट्रिजच्या कागदावर असतो. छोटा डिजिटल काटा घ्या, अंदाजाने वजन लावू नका. हिऱ्याची सुईदेखील झिजते. पाचशे ते हजार तासांत बदलावी लागते.

या कार्ट्रिजमधून येणारा विद्युतदाब तीन ते पाच मिलिव्होल्ट, सीडी प्लेयरमधून येणारा दोन व्होल्ट. म्हणून प्लेयर 'फोनो' भोकातच जोडायचा, किंवा मध्ये वेगळा फोनो प्रीअँप घालायचा. साध्या भोकात जोडला तर गाणं विहिरीतून आल्यासारखं बारीक आणि पातळ ऐकू येतं. सीडी प्लेयर मात्र फोनोत कधीही घालू नका. आणि प्लेयरच्या मागून येणारी ती एकटी बारीक वायर अर्थची. ती अँप्लिफायरच्या 'ग्राउंड' स्क्रूला आवळली नाही तर 'हूंऽ' असा गुणगुणाट चालू राहतो.

धुण्याबद्दल एकच पण कडक सूचना: लाखेच्या रेकॉर्डला अल्कोहोल किंवा सॅनिटायझर लावू नका. लाख त्यात विरघळते. डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य साबणाचा थेंब, मऊ कापड, आणि मधलं लेबल कोरडं.

मुंबईत चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर, पुण्यात जुन्या बाजारात रेकॉर्ड अजून मिळतात. उजेडात तिरकी धरून बघा. नुसते केसासारखे ओरखडे चालतील. नखाला लागणारी चीर असेल तर सुईही तिथे अडखळणार. कव्हर देखणं म्हणून आत न बघता पैसे देऊ नका.

७. खरेदी: नवं, जुनं आणि अमेरिकेहून आलेलं

ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्यातली तपकीर गल्ली इथे वायर, प्लग, दुरुस्ती, सुटे भाग यांसाठी जायलाच हवं. अख्खा स्टिरिओ मात्र 'बिल नको असेल तर एवढ्यात देतो' या बोलीवर घेऊ नका. बिलाशिवाय वॉरंटी नाही, आणि बाहेरून आलेला माल असेल तर भारतातला अधिकृत वितरक त्याला हात लावेलच असं नाही.

वापरलेला माल चांगला मिळू शकतो, जुने जपानी अँप्लिफायर तर विशेष. स्पीकरची जाळी काढून कोनाभोवतीची कडा बोटाने हलकेच दाबा. फोमची कडा दहा-पंधरा वर्षांत कुजते, आपल्या दमट हवेत आणखी लवकर, रबराची टिकते. अँप्लिफायरची सगळी बटणं फिरवा. खरखर साफ करता येते, पण एक बाजूच बंद असेल तर निघून या.

परदेशातल्या भावा-बहिणीकडून मागवत असाल तर मागची पाटी वाचायला सांगा. अमेरिकेत वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, जपानात १०० व्होल्ट, आपल्याकडे २३० आणि ५०. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट उतरतात, हर्ट्झ बदलत नाहीत. विजेच्या हर्ट्झवर फिरणारी जुनी एसी मोटर असलेला रेकॉर्ड प्लेयर अमेरिकेहून आणला तर तो इथे एक-षष्ठांश हळू फिरेल: काळी एकमध्ये गायलेलं गाणं थेट खालच्या काळी पाचमध्ये ऐकू येईल.

सोबत काय ठेवायचं:

- खोलीचा आराखडा मापांसकट, आणि टेप
- स्वतःची पाच-सहा गाणी, फोनमध्ये डाउनलोड केलेली
- जीएसटी बिल, त्यावर मॉडेल आणि सिरियल नंबर. तोच नंबर डब्यावर आणि वस्तूवर ताडून बघा
- शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड, किंवा ऑनलाइन नोंदणीची पावती
- मूळ खोका आणि थर्माकोल, निदान वॉरंटी संपेपर्यंत

८. जोडणी आणि मांडणी

सगळं प्लगमधून काढून मगच वायर लावा. इलेक्ट्रिकच्या दुकानातली दीड किंवा अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची मऊ वायर घ्या, दोन्ही बाजूंना सारख्या लांबीची. लाल ते लाल, काळं ते काळं. एखादा सुटा तंतू शेजारच्या टर्मिनलला टेकला तर अँप्लिफायर जाऊ शकतो, म्हणून टोकं पिळून घ्या किंवा बनाना प्लग (टोकाला बसवायची पिन) लावा. एका स्पीकरची वायर उलटी लागली तर बेस नाहीसा होतो आणि गायक कुठे उभा आहे तेच कळत नाही. इथे ते मोनो गाणं पुन्हा कामाला येतं.

मग सरकवासरकवी. एक गाणं, एका वेळी एकच बदल. स्पीकर भिंतीपासून पुढे आणले की बेस आवरतो, मागे नेले की वाढतो. खुर्चीकडे थोडे वळवले की मधला गायक स्पष्ट होतो. फार टोचायला लागलं तर सरळ करा. नंतर घरच्या कुणालातरी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यायला सांगा. खुर्चीतून आरशात जिथे स्पीकर दिसेल, तिथेच आवाज पहिल्यांदा आपटतो. पुस्तकांचं कपाट किंवा पडदा त्या जागी. हे सगळं एका संध्याकाळी उरकत नाही, उरकू पण नका.

९. वीज, पावसाळा आणि खालचे काका

तीन पिनी प्लगची अर्थ पिन मोडून दोन पिनी करायचा सल्ला कुणीही दिला तरी ऐकू नका. गुणगुणाट येत असेल तर आधी केबल टीव्हीची वायर काढून बघा. बऱ्याचदा तीच गुन्हेगार निघते. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर अँप्लिफायर कुरकुरतो, साइन वेव्हचा हवा. वळवाचा गडगडाट सुरू झाला की बटण बंद करून भागत नाही, प्लग काढा.

पावसाळ्यात, कोकणात तर नक्कीच, स्टिरिओ आठवड्यातून एकदोनदा तासभर चालू ठेवा म्हणजे आतली ओल सुकते. रेकॉर्ड उभ्या ठेवा, भिंतीला टेकवून नाही, आणि जुनी प्लास्टिकची आतली पाकिटं फेकून नवी घ्या. बुरशी धरली तर वाजवण्याआधी धुवा, नाहीतर सुई ती खाचेत आणखी आत ढकलते. अँप्लिफायरवर क्रोशाचा रुमाल घालू नका, वरच्या जाळीतून त्याला श्वास घ्यायचा असतो.

निवासी भागात नियमाने दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण सोसायटीत भांडण होतं ते आकड्यावरून नाही, बेसवरून: तो स्लॅबमधून खाली उतरतो. स्टँडखाली जाड रबर घाला. रात्री हळू आवाजात बेस नाहीसा झाल्यासारखा वाटतो, कारण हळू आवाजात कानाला खालचे सूर मुळातच कमी ऐकू येतात. म्हणून बेसचं बटण पिळू नका. एकदा घरात कुणाला तरी नेहमीच्या आवाजात गाणं लावायला सांगा आणि तुम्ही खालच्या काकांकडे जाऊन बसा. गाणं ऐकू येणार नाही, नुसता डग्गा ऐकू येईल. तिथूनच घरी फोन करून तो पुरेसा खाली येईपर्यंत बेस कमी करायला लावा, आणि बटणाच्या त्या जागी पेन्सिलने खूण करून ठेवा.